बायकोच्या नावावर धंदा काढताय? मग तिला खरंच मालकीण करा



सोलापुरात ट्रेनिंग घेताना एक प्रश्न मला हमखास येतो. चहाच्या सुट्टीत कोणीतरी बाजूला घेतं आणि हळूच विचारतं, "सर, फर्म मिसेसच्या नावावर काढली तर काय काय फायदा मिळतो?"

प्रश्नात वावगं काही नाही. फायदे आहेत, आणि ज्याचा हक्क आहे त्याने ते घ्यायलाच पाहिजेत. पण मग मी विचारतो, "ताईंना माहीत आहे का हे?" तेव्हा समोरचा माणूस हसतो आणि म्हणतो, "तिला काय सांगायचं त्यात? सही करेल ती."

आजचा लेख या "सही करेल ती"बद्दल आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. नावापुरती मालकीण केली की फायदा तुमच्या खिशात जातो आणि जोखीम तिच्या डोक्यावर बसते. शिवाय जी बाई खरोखर स्वतःच्या हिमतीवर धंदा करते, तिच्या वाट्याची ऑर्डर तुम्ही घेऊन जाता. हे कायद्यात कसंबसं बसवता येईलही, पण बरोबर नाही.

आधी माझी चूक सांगतो

काही वर्षांपूर्वी मी स्वतः हा सल्ला देत होतो. "नाव वहिनींचं टाका, सबसिडी जास्त मिळेल," असं मी बिनधास्त सांगायचो. पूर्व भागातल्या एका टॉवेलवाल्याने माझं ऐकून बायकोच्या नावावर युनिट काढलं. तीन-चार वर्षं बरी गेली. मग बाहेरगावच्या व्यापाऱ्यांकडे पैसे अडकले, हप्ते थकले आणि खातं एनपीएत गेलं.

त्यानंतर त्या ताई एकदा माझ्या वर्गात आल्या. त्यांना कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा स्वतःचा व्यवसाय सुरू करायचा होता. हात चांगला, बचत गटाच्या बायका सोबतीला, पुण्याचं गिऱ्हाईकही तयार. बँकेत छोटं कर्ज मागायला गेल्या तर सिबिल खराब म्हणून अर्ज परत आला. मला म्हणाल्या, "सर, मी कर्ज काढलंच नव्हतं ओ. त्यांनी सांगितलं तिथं सही केली."

मी गप्प बसलो. कारण तो सल्ला माझाच होता.

प्रोप्रायटरशिपमध्ये धंदा आणि मालक वेगळे नसतात, हे नीट लक्षात घ्या. फर्मचं कर्ज म्हणजे मालकिणीचं कर्ज. जीएसटीची नोटीस आली तर ती तिच्या पॅनवर. चेक वटला नाही तर केस तिच्यावर. नवरा दुकानात बसत होता, सगळे निर्णय त्याचे होते, हे बँकेला सांगून काही उपयोग नसतो.

दोन लाखांसाठी चौदा लाख

आता हिशोब मांडू. आपल्याकडे सगळ्यात जास्त विचारली जाणारी योजना म्हणजे पीएमईजीपी. समजा सोलापूर शहरात २० लाखांचा प्रकल्प आहे. सर्वसाधारण गटातल्या पुरुषाला शहरात १५ टक्के सबसिडी, म्हणजे ३ लाख. महिलेला २५ टक्के, म्हणजे ५ लाख. स्वतःची गुंतवणूक त्याला १० टक्के, म्हणजे २ लाख. तिला ५ टक्के, म्हणजे १ लाख. ग्रामीण भागात हीच सबसिडी त्याला २५ आणि तिला ३५ टक्के.

म्हणजे बायकोचं नाव घातल्यावर शहरात २ लाख जादा सबसिडी मिळाली. पण २० लाखांतून तुमचा १ लाख आणि सबसिडीचे ५ लाख वजा केले तर उरले १४ लाख. हे १४ लाख फेडायची जबाबदारी कोणाची? तिची. तीही व्याजासकट. शिवाय सबसिडी हातात पडत नाही, ती तीन वर्षं बँकेत अडकलेली असते आणि युनिट चालू आहे याची तपासणी झाल्यावरच कर्जात वळती होते. युनिट मध्येच बंद पडलं तर ते ५ लाखही गेले.

अजून एक गोष्ट कोणी सांगत नाही. या योजनेत नवरा-बायको मिळून एकालाच लाभ मिळतो. तुम्ही तुमच्या धंद्यासाठी तिचं नाव वापरलं, की उद्या तिला स्वतःचा व्यवसाय काढायचा झाला तर तो दरवाजा बंद. माझ्या त्या ताईंचं नेमकं हेच झालं.

आणि गंमत बघा. ही जादा सवलत फक्त महिलांना नाही. एससी, एसटी, ओबीसी, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग या सगळ्यांना ती आहे. माझ्या वर्गात बायकोचं नाव घालू का विचारणारे निम्मे लोक ओबीसी निघतात. त्यांना स्वतःच्या नावावर तेवढीच सबसिडी मिळते! विनाकारण बायकोला पुढे करतात. तेव्हा अर्ज भरायच्या आधी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन चालू नियम स्वतः वाचा.

दक्षिण आफ्रिकेने याला गुन्हा ठरवलं

हा खेळ फक्त आपल्याकडे चालतो असं नाही. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाची राजवट १९९४ साली संपली, पण कारखाने, खाणी, बँका गोऱ्यांच्याच हातात राहिल्या. मत देण्याचा हक्क मिळाला म्हणून गल्ल्याची चावी मिळत नाही. म्हणून त्यांनी २००३ साली काळ्या समाजाच्या आर्थिक सक्षमीकरणाचा कायदा केला. त्या कायद्यात 'काळे' म्हणजे फक्त आफ्रिकन नाहीत. मिश्रवंशीय आणि तिथले भारतीय वंशाचे नागरिकही त्यात येतात.

या कायद्याखाली कंपनीला गुण मिळतात. मालकी कोणाची, व्यवस्थापनात कोण, कामगारांच्या शिक्षणावर किती खर्च, माल कोणाकडून घेता, समाजासाठी काय करता, हे सगळं मोजतात. काळ्या महिलांच्या मालकीचे गुण वेगळे मोजले जातात. गुण चांगले असतील तर सरकारी कामं आणि मोठ्या कंपन्यांच्या ऑर्डरी मिळायला सोपं जातं.

मग तिथल्या काही हुशार मालकांनी काय केलं? माळ्याला, ड्रायव्हरला, घरकाम करणाऱ्या बाईला कागदोपत्री भागीदार केलं. त्यांना पत्ताही नव्हता. याला तिकडे 'फ्रंटिंग' म्हणतात. पुढे तो प्रकार इतका वाढला की २०१३ साली कायद्यात दुरुस्ती करून तो फौजदारी गुन्हा केला. माणसाला १० वर्षांपर्यंत कैद, कंपनीला वार्षिक उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत दंड.

"तिला काय सांगायचं, सही करेल ती" हे आपलं वाक्य म्हणजे फ्रंटिंगच. फक्त आपल्याकडे ते घरातल्या घरात होतं, म्हणून कोणाला खटकत नाही.

आपल्याकडे कोणासाठी काय राखून ठेवलंय

केंद्र सरकारचं सार्वजनिक खरेदी धोरण २०१२ पासून आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय मंत्रालयं आणि सरकारी कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतला किमान २५ टक्के माल सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायचा आहे. त्या २५ मध्ये ४ टक्के एससी-एसटी उद्योजकांकडून आणि ३ टक्के महिला उद्योजकांकडून.

हे काही दिल्लीचं प्रकरण नाही. आपल्या फताटेवाडीचा एनटीपीसीचा प्रकल्प ही केंद्र सरकारची कंपनी आहे. मध्य रेल्वेचा सोलापूर विभाग आपल्या गावात आहे. गणवेश, चादरी, टॉवेल, हातमोजे, साफसफाईचं सामान, दुरुस्तीची कामं हे सगळं त्यांना लागतं. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उत्पादकाला टेंडरचा फॉर्म मोफत मिळतो, अनामत रकमेत सूट मिळते. तुमचा भाव सर्वात कमी भावापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत जास्त असला, तरी कमी भावाला यायची तयारी दाखवून ऑर्डरचा काही हिस्सा मिळू शकतो. मात्र नुसता व्यापार करणाऱ्याला हे फायदे नाहीत.

आता ३ टक्के 'महिलेचा उद्योग' म्हणजे काय? एकटीचा धंदा असेल तर मालक महिला हवी. भागीदारीत किंवा प्रायव्हेट लिमिटेडमध्ये महिलांचा हिस्सा किमान ५१ टक्के हवा. एससी-एसटीसाठीही हाच ५१ टक्क्यांचा नियम.

कागद ५१ टक्के विचारतो. चेकबुक कोणाच्या खिशात आहे ते विचारत नाही. फट आहे ती इथेच. नियमात फट आहे म्हणून त्यातून घुसायलाच पाहिजे का, हे मात्र आपण ठरवायचं.

दाखला त्याचा, धंदा तुमचा?

जातीच्या बाबतीतही हेच चालतं. कोणीतरी आपल्याकडच्या कामगाराचा जातीचा दाखला घेतो, त्याच्या नावावर फर्म काढतो, टेंडर भरतो आणि त्याला महिन्याला काही हजार देतो. काम अर्धवट राहिलं किंवा खोटेपणा उघडा पडला, तर काळ्या यादीत नाव जातं ते त्या कामगाराचं.

हे ४ टक्के का ठेवले, ते विसरू नका. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातून अर्थशास्त्र शिकून आले. १९१७-१८ च्या सुमारास त्यांनी मुंबईत शेअर बाजाराचा सल्ला देणारी फर्म काढली होती. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक यायचं बंद झालं आणि फर्म बंद करावी लागली. मंडळी, त्या काळात परदेशी विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला माणूस! ज्ञान होतं, हिंमत होती, बाजाराने दार लावून घेतलं. भांडवल आणि हुशारी असूनही गिऱ्हाईक मिळत नाही, तेव्हा खरेदीतला वाटा राखून ठेवावा लागतो.

पुण्यात २००५ साली मिलिंद कांबळे यांनी डिक्की, म्हणजे दलित उद्योजकांचं चेंबर सुरू केलं. सरकारी खरेदीत हा वाटा मिळावा म्हणून डिक्कीने पाठपुरावा केला. पण कागदावर आलेले ४ टक्के प्रत्यक्षात वर्षानुवर्षं लांबच राहिले. त्यातही बनावट फर्म घुसल्या तर खऱ्या माणसाच्या हाती काय लागणार?

आणि खरी मालकी कशी दिसते ते बघायचं असेल तर कल्पना सरोज यांच्याकडे बघा. अकोला जिल्ह्यातल्या खेड्यात जन्म, दलित कुटुंब, बालविवाह, मग मुंबईत होजिअरी कारखान्यात मजुरी. पुढे सरकारी योजनेतून कर्ज काढून छोटा धंदा. त्यानंतर त्यांच्याकडे आली कमानी ट्यूब्ज, शंभर कोटींहून जास्त कर्जात बुडालेली कंपनी. २००६ साली त्या कंपनीच्या अध्यक्ष झाल्या, बँकांशी बोलून देणी मिटवली, कारखाना पुन्हा उभा केला. २०१३ साली पद्मश्री मिळाली. बँकेच्या टेबलाशी त्या स्वतः बसल्या होत्या, म्हणून हे झालं. सही करायला कोणी बोलावलं असतं तर झालं नसतं.

आपल्या सोलापूरकडे बघा

आपल्याकडे बायका काम करत नाहीत, असं कोण म्हणेल? विडी घरकुलात जाऊन या. कुंभारीला विडी कामगार महिलांसाठी १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत २००६ मध्ये उभी राहिली. घराघरात सुपात तेंदूपत्ता घेऊन विड्या वळणं चालतं. पूर्व भागात यंत्रमागाच्या शेडमध्ये कांड्या भरायला, टॉवेलच्या कडा शिवायला, गठ्ठे बांधायला बायकाच. गणवेश आणि गारमेंटच्या धंद्यात नगावर पैसे घेऊन घरी शिलाई करणाऱ्या बायकाच. कडक भाकरी तर पूर्ण त्यांच्याच हातावर चालते.

काम त्यांचं आहे. मालक म्हणून पाटीवर नाव मात्र क्वचित असतं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या एकट्या मालकीच्या सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांपैकी जेमतेम २० टक्के महिलांच्या मालकीचे निघाले. आणि त्यातल्या किती जणींकडे खरंच चेकबुक आहे, हे तुम्ही-आम्ही ओळखून आहोत.

दुसरीकडे, काम करणाऱ्या बायकांमध्ये तीनपैकी एकीहून जास्त घरच्याच धंद्यात बिनपगारी मदतनीस आहेत, असं सरकारची श्रमशक्ती पाहणी सांगते. म्हणजे जिचं नाव आहे तिच्याकडे निर्णय नाही, आणि जिचं काम आहे तिला पगार नाही. बऱ्याच घरांत या दोघी म्हणजे एकच बाई असते.

मग करायचं काय?

तुम्ही धंद्यात पत्नीचं, बहिणीचं, आईचं नाव घालणार असाल तर आधी पाच प्रश्नांची उत्तरं द्या.

१. बँकेचा ओटीपी कोणाच्या मोबाईलवर येतो? तुमच्या येत असेल तर मालक तुम्ही.

२. या महिन्यात येणं किती, देणं किती, हे तिला तुम्हाला न विचारता सांगता येतं का?

३. भाव कोण ठरवतं? गिऱ्हाईक आल्यावर ती बोलते, की "थांबा, यांना विचारते" म्हणते?

४. तिला धंद्यातून दरमहा ठरलेली रक्कम तिच्या स्वतःच्या खात्यात मिळते का?

५. तिने एखाद्या कर्जाला "नाही" म्हटलं तर ते कर्ज थांबेल का?

पाचवा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. जी नाही म्हणू शकत नाही, ती मालकीण नाही.

तीन उत्तरं जरी हो आली तरी सुरुवात चांगली आहे. बाकीची सहा महिन्यांत हो करून घ्या. तिला बँकेत सोबत न्या, पण मॅनेजरशी बोलू तिला द्या. सीएकडे तिला बसवा. जीएसटीचं रिटर्न म्हणजे काय, हे शिकायला कोणालाही एक आठवडा पुरतो.

तुम्ही म्हणाल, "सर, तिला आवडच नाही, वेळही नाही." मग सरळ स्वतःच्या नावावर धंदा काढा. २५ टक्क्यांचं धोरण, मोफत टेंडर फॉर्म, अनामत रकमेतली सूट हे सगळं तुम्हालाही आहे. त्यासाठी बायको लागत नाही, उद्यम नोंदणी लागते.

तुम्ही म्हणाल, "सगळेच करतात." करतात. पण होटगी रोडला चार मशीन टाकून गणवेश शिवणारी एखादी ताई स्वतः जेम पोर्टल शिकते, स्वतः टेंडर भरते आणि ३ टक्क्यांच्या यादीत तिच्यापुढे दहा 'मिसेस' उभ्या असतात, ज्यांनी फॉर्म बघितलेलाही नाही. त्या ताईच्या जागी तुमची मुलगी असती तर?

आणि तुमच्याकडे कामाला बायका असतील तर तीन गोष्टी आजच करा. पगार तिच्याच खात्यात, नवऱ्याच्या हातात नाही. शेडमध्ये दाराला कडी असलेलं, पाणी असलेलं स्वच्छतागृह. आणि दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती. दहापेक्षा कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीचा पत्ता भिंतीवर लावा. मोठ्या कंपन्यांचे लोक युनिट बघायला येतात तेव्हा हे सगळं बघतात. पण ते बघतात म्हणून करू नका. चांगली कामगार बाई टिकते ती यामुळे.

शेवटी त्या भाकरीवाल्या ताईंचं सांगतो. बँकेशी तडजोड व्हायला दोन वर्षं लागली. तोवर गटातल्या दुसऱ्या बाईच्या नावाने काम चालू ठेवू का, असं त्यांनी मला विचारलं. मी तोंड उघडायच्या आधी त्याच म्हणाल्या, "नको. माझ्यावर जे झालं ते तिच्यावर नको." त्यांनी थांबायचं ठरवलं. आज त्यांची उद्यम नोंदणी त्यांच्या नावावर आहे, आणि ओटीपी त्यांच्याच मोबाईलवर येतो.

आज रात्री घरी गेल्यावर हा लेख मिसेसना वाचायला द्या. वाचून त्यांनी प्रश्न विचारले, तर समजा तुमच्या धंद्याची पहिली मीटिंग झाली.

कामाला लागा. भेटू पुढच्या व्हिडिओत!